पोलिओऐवजी सॅनिटायझर : निलंबनाने चूक थांबते का?

साकोली : ३१ जानेवारी २०२१. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावी १२ लेकरांना पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. उलट्या झाल्या, पोरांना यवतमाळला दवाखान्यात भरती करावे लागले. जीव वाचले. तिघांच्या निलंबनाचा आदेश निघाला अन् विषय थंड झाला.

पण बाटली बदललीच कशी? धानावर मारायचे औषध खायच्या तेलाजवळ ठेवू नये, हे शेतकऱ्याला कुणी शिकवत नाही. नर्सिंगचा नियमही जुनाच : रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा, वेळ अन् देण्याची पद्धत बरोबर. मात्र रांग लांब, पोरं रडतात, तेव्हा नुसता पाठ केलेला नियम कामी येत नाही. बाटल्या वेगळ्या हव्यात, लेबल मोठ्याने वाचायला हवे. चूक होता होता टळली तर तीही लिहून ठेवायला हवी. निलंबनाच्या धाकात ते कोण लिहिणार?

साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात असो की गावच्या उपकेंद्रात, ‘सिस्टर, हे कशाचं औषध?’ असं विचारायला लाजू नका. पोलिओच्या कुपीवर गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तरच लस चालते. डोसाआधी तो पाहून घ्या.