आकडा तोच, बोट मात्र थकलेली

गेले काही महिने आमच्या गल्लीत एक वाद चालू आहे. वाद माझा आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा. आमच्या दोघांच्या भागीदारीत एक जुनी जेटबोट आहे. ती हळूहळू मंदावत गेली, तर दोष इंजिनाचा की जेटचा? वाद अजून मिटलेला नाही, पण माझं मत पक्कं झालंय. तेव्हा लिहून टाकतो.

सांगलीकडच्या मित्रांसाठी आधी थोडं. इथल्या ख्राइस्टचर्चजवळच्या नद्या, वायमाकारिरी काय किंवा राकाइया काय, आपल्या कृष्णेसारख्या एका पात्रातून वाहत नाहीत. मैलभर रुंद गोट्यांचा माळ, आणि त्यातून वेणीसारखे गुंफलेले पाण्याचे पाच-दहा प्रवाह. काही ठिकाणी पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. तळाखाली पंखा लोंबणारी बोट इथे पहिल्याच दगडाला मोडायची. बिल हॅमिल्टन या इथल्याच मेंढपाळ शेतकऱ्याने १९५० च्या दशकात यावर उपाय काढला. जेटची कल्पना मुळात त्यांची नव्हे, पण पाणी तळातल्या जाळीतून आत ओढायचं, इम्पेलरने रेटायचं आणि मागच्या नोझलमधून पाण्याच्या पातळीच्या वर फेकायचं, हे त्यांनी जमवलं. तळाखाली लोंबणारं काही उरलंच नाही. (१९७७ मध्ये एडमंड हिलरी याच जातीच्या बोटी घेऊन बंगालच्या उपसागरातून गंगेत शिरले आणि उलट्या प्रवाहात थेट नंदप्रयागपर्यंत गेले. तिथल्या धबधब्याने वाट अडवली.)

पण या बोटीची एक अट असते. वेग असेल तर ती पाण्यावर उचलली जाते आणि चार-पाच इंच पाण्यातूनही सरकून जाते. वेग कमी झाला की बसते, आणि बसली की तिला फूट-दीड फूट पाणी लागतं. शिवाय थ्रॉटल सोडला की सुकाणूही जातं, कारण मागचा पाण्याचा झोत हेच सुकाणू. म्हणजे घाबरून वेग कमी करणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. जेट मंदावणं हा निव्वळ हौसेचा प्रश्न नाही, तो असा.

मागच्या फेब्रुवारीत मेहुणा आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा भारतातून आले होते. बायको, मेहुणा, पोरगा आणि मी, असे वायमाकारिरीत गेलो. थोडं वर एक उथळ चढ आहे, तिथून मी शंभरदा गेलो असेन. त्या दिवशी खोल डोहातून निघालो, थ्रॉटल पूर्ण दिला, आणि बोट वर आलीच नाही. नाक वर, शेपूट खाली, अशी रेटत राहिली आणि चढाच्या तोंडाशी गोट्यांत रुतली. प्रवाहाने तिला आडवं फिरवलं. एका बाजूने पाणी काठावरून आत येऊ लागलं. पोराला मेहुण्याने उचलून गोट्यांवर नेऊन ठेवलं. पाणी मांडीपर्यंतच होतं, पण बर्फाचं, आणि वेग असा की मला दोनदा खाली पाडलं. कुणाला काही झालं नाही. पोरगा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "ही बोट पूर्वी अशी नव्हती." मी म्हटलं, "चार माणसं होतो ना." तिने आठवण करून दिली की पूर्वीही चारच असायचो.

तेव्हा कुठे मला कळलं की तीन उन्हाळे मी कारणं देत आलो होतो. आज वारा समोरून आहे, आज टाकी भरलेली आहे, पेट्रोल बरोबर नाही. म्हाताऱ्याचं तर ठरलेलं, "शी'ल बी राइट." म्हणजे आपलं 'चालतंय की'!

मग शोध सुरू झाला. जाळी साफ, शेवाळ नाही. स्टेटरच्या पात्यांत दगड अडकलेला नाही. तपासणीच्या झाकणाचं रबर ठीक, म्हणजे तिथून हवा ओढली जात नव्हती. थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते आहे. ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर नेली, तर दुसरी बॅटरी, जास्तीचा नांगर वगैरे मिळून सत्तर किलो कचरा आम्हीच साठवलेला. तो काढला. फरक पडला, पण नावापुरता.

इंजिनवाल्याकडे गेलो. त्याने आरपीएमचा काटा पाहिला. पूर्ण थ्रॉटलला ४१००. "भरपूर आहेत, इंजिन ठणठणीत." जेटवाल्याकडे गेलो. तोही म्हणाला, "४१०० ना? जेट घसरत असतं तर आरपीएम वर गेले असते." दोघांनी एकाच आकड्यावर आपापल्या रुग्णाला निर्दोष सोडलं. आणि दोघांचं शास्त्र चूक नव्हतं, हीच तर गोम.

कारण असं. इम्पेलरची टोकं आणि भोवतीची वेअर रिंग यांच्यात अगदी थोडी फट असते. नदीची रेती ती हळूहळू वाढवत नेते, पाण्याचा काही भाग त्या फटीतून मागेच फिरतो. पात्यांच्या पुढच्या कडा बोथट होतात. असा इम्पेलर कमी ताकद खातो, म्हणून इंजिन मोकळं होऊन जास्त फिरतं. इंजिन थकलं तर उलट, आरपीएम उतरतात. पण जेटला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे इंजिनाची दहा टक्के ताकद गेली तरी आरपीएम उतरतात साडेतीन टक्के, म्हणजे ४१०० चे ३९५० च्या आसपास. आमच्या डायलवर काटा तेवढा तर नुसता थरथरतो! आता दोन्ही दुखणी एकदम असली तर? एक काट्याला वर ढकलतं, दुसरं खाली ओढतं, आणि काटा जागच्या जागी. बोटीला वजन जास्त झालं तरीही काटा विशेष हलत नाही, कारण पंख्याच्या बोटीसारखं जेटमध्ये ओझं इंजिनापर्यंत पोचतच नाही.

हा गुंता सुटला तो एका चिठोऱ्यामुळे. आधीच्या मालकाने डॅशबोर्डच्या झाकणाच्या आत चिकटवलेला, आम्ही कधी वाचलाच नव्हता. लेक कोलरिज, दोन माणसं, अर्धी टाकी, ४१०० आरपीएम, ताशी ६८ किलोमीटर. आम्ही दोघं तसेच अर्धी टाकी ठेवून कोलरिजला गेलो, वारा पडल्यावर जीपीएस लावून दोन्ही दिशांना पळवली. ४१०० आरपीएम. ताशी ५७.

अकरा किलोमीटर! आणि तीन वर्षांत एकाही दिवशी ते गेल्याचं आम्हाला जाणवलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की अंगाला लागलेली सवय ही साक्षीदार म्हणून कवडीमोलाची असते. बोट मंदावते तसा आपला 'नेहमीचा वेग'ही मंदावत जातो. इथले जुनेजाणते सांगतात, बोट आवाजावरून आणि बुडाखालच्या थरथरीवरून ओळखावी. एखादी गोष्ट अचानक बिघडली तर ते खरंही आहे. रोज थोडं थोडं झिजणाऱ्या गोष्टीला ते लागू नाही.

माझे वडील नदीवरच्या मोटरपंपाबाबत हे आपोआप करायचे. पंप चालू केला की घड्याळ बघायचे, आणि पाणी उसाच्या शेवटच्या सरीला पोचलं की पुन्हा. वीस मिनिटं जास्त लागली की म्हणायचे, पंखा झिजला. शेजारचे मात्र महिनोन् महिने व्होल्टेजला शिव्या घालत बसायचे. मी इंजिनियर होऊनही ते विसरलो.

असो. फीलर गेज घातला तर फट दीड मिलिमीटर निघाली, पुस्तकातल्या मर्यादेच्या पार बाहेर. नवी वेअर रिंग बसवली, इम्पेलरच्या कडा भरून घासून घेतल्या. पुन्हा कोलरिज. वेग ६४ वर आला. आणि आरपीएम? ३९५० वर उतरले! जेट नीट झाल्यावर इंजिनाचं थकणं उघडं पडलं. म्हातारा विजयी मुद्रेने म्हणाला, "मी म्हणत होतो ना, इंजिनच." मी म्हटलं, सात किलोमीटर जेटने परत दिलेत. त्यावरून वाद पुन्हा सुरू.

कॉम्प्रेशन तपासायचं आहे, ते आता थंडीत करू. दरम्यान डॅशबोर्डला दोरीने एक वही बांधली आहे. त्यात पहिल्या दोन ओळी माझ्या, तारीख आणि आकड्यांसकट. तिसरी म्हाताऱ्याने लिहिली आहे. आकडा नाही, नुसतं "वारा समोरून होता."