राज्य आता आपल्यावर

मागच्या रविवारी घरी गेले, तर सोसायटीच्या नोटीस बोर्डवर नवा कागद. ‘पार्किंगमध्ये मुलांनी खेळू नये. यंदा आवारात किल्ला करू नये, फरशी खराब होते.’ खाली सेक्रेटरी काकांची सही. गंमत म्हणजे, आमच्या लहानपणी किल्ल्यासाठी विटा आणून देणारे हेच काका!

तेव्हा आवारात फरशी नव्हती, माती होती. सहामाही संपली की आम्ही आठ-दहा जण विटा, दगड, फाटकी गोणपाटं गोळा करायचो. चिखलात भिजवलेलं गोणपाट विटांवर टाकलं की डोंगर तयार. वर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत जंगल. फुटक्या आरशाचं तळं, खोक्याची गुहा. मावळे कमी पडले तर प्लॅस्टिकचा डायनासोरही पहाऱ्याला उभा राहायचा आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये मुलांच्या खेळावर व्याख्यान दिलं होतं. त्यात काठीच्या घोड्याचं उदाहरण आहे. हातात काठी असते, पण मूल वागतं ते घोड्याशी. डोळ्यांना दिसतं त्यापलीकडचा विचार करायला ते असं शिकतं.

पण मला त्याहून मोठी वाटते ती ‘कच्चा लिंबू’ची आयडिया. लगोरी रंगात आली की कुणाचा तरी धाकटा भाऊ रडत यायचा. हाकललं तर घरी ओरडा, घेतलं तर खेळाचा विचका. मग तो कच्चा लिंबू. खेळणार, पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही! क्रिकेटमध्ये बॉल काकूंच्या खिडकीत गेला तर आऊट, आणि आणायलाही त्यानेच जायचं. हे नियम आम्हाला कुठल्या कोचने शिकवले नव्हते. आहे त्या जागेत, आहेत त्या माणसांना घेऊन खेळ पुढे न्यायचा, एवढंच कळत होतं. आज कॉलेजची शॉर्टफिल्म करताना ऐनवेळी लोकेशन हातचं गेलं, की आमचा ग्रुप तेच करतो. आधी भांडतो, मग ‘आपल्याकडे आहे काय?’ असं विचारून नवा सीन रचतो.

‘हल्लीची पोरं मोबाइल सोडत नाहीत’ हे म्हणणं सोपं आहे. माइनक्राफ्टमध्येही मुलं किल्ले बांधतातच की. पण रडणाऱ्या धाकट्याला सामावून घ्यायला समोर माणसं लागतात आणि माणसांना जागा लागते. ती आपण गाड्यांना देऊन टाकली.

काकांची बाजूही खोटी नाही. काचा फुटतात, गाड्यांवर ओरखडे येतात, आजोबांची दुपारची झोप मोडते. पण त्यावर सरसकट बंदी हा उपाय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं ३१ वं कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करतं, आणि भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारलाय.

सोसायटीच्या मीटिंगला आपल्या वयाचं कुणी फिरकत नाही. तिथे गाड्यांची बाजू मांडणारे खूप असतात, मुलांची मांडणारं कुणी नसतं. पुढच्या मीटिंगला मी आईबरोबर जाणार आहे. मागणी साधी आहे: एक कोपरा, संध्याकाळचे दोन तास आणि किल्ल्याखाली घालायला एक ताडपत्री. दिवाळीनंतर फरशी धुवायला मी स्वतः येईन.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा कागद लागला असेल, तर नुसता फोटो काढून स्टेटसला टाकू नका. मीटिंगला जा. आपलं खेळून झालंय, आता राज्य आपल्यावर आहे.