आगमनकाळ की उतावीळकाळ?

नाताळापूर्वीच्या चार रविवारांस ख्रिस्तसभा आगमनकाळ म्हणते. धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात, रविवारच्या मिस्सेतील गौरवगीत थांबते. कारण यावयाचा तो अजून आलेला नाही. मग डिसेंबर उजाडताच हुबळी-धारवाडच्या आमच्या वस्त्यांत घरोघर नाताळगीते, तीही इंग्रजी, कशासाठी? फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापले गेले. त्यांच्या पश्चात १६२२ साली कोकणी प्रश्नोत्तरी निघाली. परक्याने आमच्या ओवीत गावे आणि आम्ही त्याची भाषा उसनी घ्यावी, हा व्यवहार मोठा विचित्र! त्या पुराणाचा पूर्वार्ध जुन्या कराराचा, म्हणजे तारकाच्या प्रतीक्षेचाच आहे. आगमनकाळात रोज सायंकाळी त्यातील दहा ओव्या घरी वाचावयास कोणाची हरकत आहे? मुलांना त्या कळत नाहीत, असे सांगतात; इंग्रजी गीतांतले तरी त्यांना किती कळते? राहता राहिली सबब, की नाताळानंतर कोणास सवड नसते. पण नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही. जानेवारीतील प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तो चालतो. हे गायक तेव्हा कोठे असतात?