भाव विचारला, पण मजकूर कोणी वाचला?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री बडोद्यात शिरली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि त्या आठवड्यात ती ३५ फुटांच्याही वर गेली होती. रस्त्यांवर फिरणाऱ्या मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिले. माझ्या लक्षात मात्र राहिलं ते पाणी ओसरल्यानंतरचं तळमजल्यावरच्या मावशींचं घर. फ्रिज आडवा पडलेला, दिवाणाचा प्लाय फुगलेला, आणि ज्या शिलाई मशीनवर त्या साड्यांना फॉल-बिडिंग करतात ते मशीन चिखलाने भरलेलं.

मावशी तशा निर्धास्त होत्या. "सोसायटीचा विमा आहे ना!" असं त्या म्हणत होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तेच म्हणत होतो. सर्व्हेअर आला. त्याने कंपाउंडची भिंत, मीटरची खोली, पंप पाहिला, फोटो काढले आणि गेला. मावशींच्या घरात तो आलाच नाही. विमा इमारतीचा आणि सामाईक भागांचा होता. घरातल्या सामानाचा नव्हता. तसं कागदावर पहिल्यापासून लिहिलेलं होतं, पण तो कागद कोणी वाचला नव्हता.

नंतर आमच्या घरात ठरलं की आपला विमा काढायचा. आई म्हणाली, "तू लिटरेचर शिकतेस ना, मग तूच वाच." मग मी कामाला लागले. मंगळ बाजारात दोनशे रुपयांच्या ओढणीसाठी आपण पाच दुकानं पालथी घालतो, तशी तीन ठिकाणी चौकशी केली. तीन आकडे आले. सगळ्यात कमी आकड्याभोवती मी पेनने गोल केला आणि काम झालं असं समजले.

दुसऱ्या दिवशी कागद नीट वाचले आणि कळलं की ते तिन्ही आकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींचे होते. गृहकर्जाच्या बँकेने दिलेला विमा घराचा नव्हताच, तो बाबांचा होता! त्यांचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटेल, पण घरात पाणी शिरलं तर एक रुपया नाही. दुसरा आकडा ओळखीच्या एजंटने दिलेला. त्यांनी फ्लॅटचा आजचा बाजारभाव धरला होता. बाजारभावात जमिनीची किंमत येते. जमीन काही जळत नाही, मग तिचा हप्ता आपण का भरायचा? तिसरा, मी गोल केलेला स्वस्त आकडा, फक्त भिंती आणि छपराचा होता. म्हणजे आम्हीही मावशींच्याच रांगेत उभे राहिलो असतो, वर हप्ता भरून.

म्हणून माझं म्हणणं असं की विम्याच्या बाबतीत आपण घासाघीस करतो, पण तुलना करत नाही. तुलना करायची तर वस्तू आधी एकसारखी हवी. आणि ती सोय आपल्याकडे आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठरावीक पॉलिसी आणली आहे. कंपनी कुठलीही असो, तिचा मूळ मजकूर तोच. त्यामुळे या एका पॉलिसीपुरता तरी भाव विचारत फिरण्याला अर्थ आहे. फक्त विम्याची रक्कम सगळीकडे तीच सांगायची आणि जोडीला काय काय चिकटवलंय ते तपासायचं.

रक्कम काढणंही अवघड नाही. कार्पेट एरिया गुणिले आज तेवढं बांधायला येणारा खर्च. समजा घर ६० चौरस मीटरचं आहे आणि बांधकामाला मीटरला २५,००० रुपये लागतात, तर विमा १५ लाखांचा. मग बाजारभाव पन्नास लाख असला तरी चालेल. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल १० लाख. सामान जास्त असेल तर यादी देऊन वाढवता येतं. आणि सोसायटीने इमारतीचा पुरेसा विमा आधीच काढला असेल, तर नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. एकाच भिंतीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, मग दोनदा हप्ता कशाला?

या पॉलिसीतली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. इतर काही विम्यांत वीस लाखांच्या मालमत्तेचा दहा लाखांचाच विमा काढला असेल, तर चार लाखांच्या नुकसानीचे दोनच लाख हातात येतात. इथे ती कात्री लावत नाहीत.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. पूर, आग, भूकंप, वादळ, फुटलेला पाइप, ओसंडलेली टाकी हे सगळं आत आहे. पण वरच्यांच्या बाथरूममधून वर्षानुवर्षं झिरपणारी ओल नाही. तो प्रश्न सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडूनच सोडवायचा! चोरीही अशी सरसकट नाही. पूर किंवा आग अशा घटनेमुळे घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. रोख पैसे नाहीत.

दोन आक्षेप मला घरीच ऐकायला मिळाले. आजी म्हणाली, देवावर भरवसा असताना विमा कशाला? मी तिला योसेफाची आठवण करून दिली. इजिप्तमध्ये सात वर्षं धान्याची कोठारं भरणाऱ्या त्या माणसाचा भरवसा काही कमी नव्हता. आजी गप्प बसली, पण पटलं असं काही म्हणाली नाही. बाबांचा आक्षेप जास्त जड होता: "कंपन्या द्यायच्या वेळी हात वर करतात." यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण मावशींच्या बाबतीत हात वर करायची कोणाला गरजच पडली नाही. आपण जे विकत घेतलं नव्हतं ते आपण मागत होतो. बाबांच्या भीतीवर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की मजकूर आधी वाचायचा, प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे आणि बिलं घराबाहेर, निदान मेलवर ठेवायची.

आणि हे वाचणं कोणी करायचं? पॉलिसी येते बारीक अक्षरातल्या इंग्लिशमध्ये. मावशींचं मराठी आमच्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा रसाळ आहे, पण त्या कागदापुढे त्या निरक्षर ठरतात. आपण मंडळात कवितेच्या एका शब्दावर तासभर वाद घालतो. तोच तास वर्षातून एकदा आपापल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत द्यायला काय हरकत आहे? पॉलिसी हातात घ्यायची आणि मराठीत, गुजरातीत मोठ्याने सांगायचं: हे आहे, हे नाही. यात साहित्याचा काही अपमान होत नाही.

मावशींनी यंदा नुसत्या सामानाचा विमा घेतला. यादी आम्ही दोघींनी केली. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि आईच्या ओव्यांची वही?" त्या पुरात वहीची निम्मी पानं गेली होती. मी मजकूर पुन्हा पाहिला. न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत 'हस्तलिखितं' असा शब्द स्पष्ट आहे. मग उरलेल्या पानांचे आम्ही फोनवर फोटो काढले, एकूण एकतीस. तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल, तर पावसाळ्याआधी एवढं करून टाका.