हनुवटीवरचा मास्क

करोनाच्या साथीत मास्क न लावणाऱ्या माणसाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बरेचसे आम्ही वाचले आणि थोडे आम्हीही लिहिले. 'लोकांना शिस्त नाही' हे त्या साऱ्या लेखनाचे धृपद. आज ते पुन्हा चाळताना वाटते की लिहिणाऱ्यास समोरचे उघडे नाक तेवढे दिसले होते, माणूस दिसला नव्हता.

इचलकरंजीचेच घ्या. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव कापडावर जगते. (साहित्याच्या विद्यार्थ्यांस ते १९७४च्या, पु. ल. देशपांडे अध्यक्ष असलेल्या संमेलनामुळे ठाऊक असेल.) देशाला कापड पुरविणाऱ्या गावाने वीतभर कापड तोंडावर घ्यायला काकू करावी, हा विनोद २०२०मध्ये फार खपला. आम्हीही तो केला. मागाच्या शेडमध्ये पाच मिनिटे उभ्या राहिलेल्या माणसास मात्र तो करवणार नाही. तिथल्या खडखडाटात शब्द कानी पडत नाहीत. ते समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे, उरलेले हाताच्या खुणेवरून. त्या ओठांवर पट्टी बांधणे म्हणजे कामगाराची बोलीच काढून घेणे. शिवाय उकाडा, घाम आणि भिजल्या कापडाला चिकटणारे सुताचे तंतू. मास्क हनुवटीवर घसरे, तो यामुळे.

विषाणूला अर्थात यातले काही कळत नाही. धोका खरा होता आणि माणसे गेली. परंतु शेडमध्ये हवा कशी खेळवावी, एका पाळीत किती माणसे असावीत, हे प्रश्न आमच्या लेखांत आले नाहीत. नाक तेवढे आले, कारण ते पोलिसाला आणि लेखकाला रस्त्यावरून दिसते.

मार्च २०२०मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७चाच. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाने घरोघर झडत्या झाल्या आणि २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. वर्गात आम्ही तो संताप समजावून सांगतो. लोक अडाणी होते, असे म्हणत नाही. त्याच साथीत, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. उपाय तोच असला तरी कोणाच्या हातून येतो यावर तो झडती ठरतो की शुश्रूषा, हे त्या एका वर्षावरून कळायला हवे होते. इचलकरंजीला तर इतके मागे जाण्याचेही कारण नव्हते. २०१२मध्ये दूषित पाण्याने काविळीची साथ आली, माणसे दगावली. तेव्हा पाणी उकळून पिण्यासाठी कोणाला दंड करावा लागला नाही. पंचगंगेचा वास प्रत्येकाच्या नाकाला ठाऊक होता.

शब्दांचेही पाहा. वृत्तपत्रांनी 'मुखपट्टी' घडविली, लोक 'मास्क'च म्हणत राहिले, आणि थट्टेत 'मुसके' म्हणत. मळणीच्या बैलाला मुसके बांधतात ते त्याने धान्य खाऊ नये म्हणून, मालकाच्या सोयीसाठी. उलट स्थानकवासी जैन साधूंची मुहपत्ती आपल्या श्वासाने दुसऱ्या जीवाला इजा होऊ नये यासाठी. कापडी मास्काचा हेतू बव्हंशी या दुसऱ्या अर्थाजवळचा. तो समजावणे हे भाषेच्या माणसांचे काम होते. आम्ही ते पावती फाडणाऱ्यावर सोडले.

२ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याला, सक्ती उठली आणि मास्क खुंटीवर गेले. आमच्या गल्लीतील कांड्या भरणाऱ्या एक मावशी मात्र आजही कामावर पदर नाकातोंडाशी घट्ट गुंडाळून बसतात. त्यांना यंत्राशी काम, कोणाशी बोलायचे नसते. करोना अजून आहे काय, असे आम्ही गमतीने विचारले. तंतू छातीत जातात म्हणून घेते, वीस वर्षे झाली, त्या म्हणाल्या.