हेवी मेटलचे उपप्रकार आणि त्यांची अवजारे

वाङ्मयप्रकारांची चर्चा करताना आपल्याकडे आशय, अभिव्यक्ती, दृष्टिकोण, शैली अशी काही ठरावीक परिमाणे वापरली जातात. ज्या साधनाच्या आधाराने एखादा प्रकार घडतो, त्याचा उल्लेख झालाच तर प्रास्ताविकात होतो आणि पुढे ते साधन विस्मृतीत जाते. जात्यावरची ओवी हा याला एक ठळक अपवाद म्हणता येईल. जात्याचा फेरा, हाताचा जोर आणि श्वासाची लांबी यांचा ओवीच्या लयीशी काही संबंध आहे, हे आपण विनातक्रार मान्य करतो. परंतु हा न्याय आपण लोकसाहित्याच्या पलीकडे फारसा नेत नाही. जणू काही अवजार हे अडाण्यांच्या कलेला लागते आणि सुशिक्षितांची कला मात्र थेट प्रतिभेतून उतरते!

हा समज तपासून पाहण्यासाठी आम्ही येथे एक काहीसे अनपेक्षित उदाहरण घेत आहोत, ते म्हणजे हेवी मेटल या संगीताचे. अनेक वाचकांना हे संगीत निव्वळ गोंगाट वाटत असेल, आणि त्यांच्या अभिरुचीत ढवळाढवळ करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र प्रकार आणि उपप्रकार कसे जन्मतात हे ज्याला पाहायचे आहे, त्याला याहून सोयीचे क्षेत्र सापडणे कठीण आहे. सगळा इतिहास जेमतेम साडेपाच दशकांचा आहे. ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, त्यांच्या तारखा ज्ञात आहेत, आणि कोणत्या वादकाने कोणते यंत्र वापरले याच्या नोंदी या संगीताच्या चाहत्यांनी पाठभेद जुळवणाऱ्या संपादकाच्या चिकाटीने ठेवल्या आहेत.

या उपप्रकारांची रूढ ओळख विषयावरून करून दिली जाते. डूम म्हणजे विषण्णता, थ्रॅश म्हणजे युद्ध व अन्याय यांवरचा संताप, डेथ मेटल म्हणजे मृत्यू व कलेवरे, ब्लॅक मेटल म्हणजे सैतान. ही वाटणी क्षणभरही टिकत नाही. स्लेयर या बँडच्या १९८६ च्या ‘रेन इन ब्लड’मध्ये मृत्यूही आहे आणि सैतानही; तरीही ते थ्रॅशच मानले जाते. ब्लॅक सबाथच्या गाण्यांत सैतान आहे, पण त्यांना कोणी ब्लॅक मेटल म्हणत नाही. शिवाय डेथ मेटलमधले शब्द कंठातील गुरगुरीमुळे बहुधा कळतच नाहीत. असे असूनही जाणकार श्रोता पहिला शब्द येण्याआधीच, दोन-चार सेकंदांत, उपप्रकार ओळखतो. तो कशावरून ओळखतो? गिटारच्या नादाच्या पोतावरून आणि लयीवरून. आणि हा पोत गिटार, पेडल, ॲम्प्लिफायर व स्टुडिओ यांच्या साखळीतून तयार होतो.

या पोताचे मूळ ‘डिस्टॉर्शन’ या संज्ञेत आहे. प्रत्येक ॲम्प्लिफायरला क्षमतेची एक कमाल मर्यादा असते. तिच्यापेक्षा मोठा संकेत आत सोडला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि या छाटणीतून मूळ नादात नसलेले अनेक उपस्वर निर्माण होतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष आहे. कलावंताने त्याला गुण मानले. आपल्या तंबोऱ्याची जवारी वेगळ्या यंत्रणेने काम करते, पण तेथेही स्वच्छ तारेपेक्षा उपस्वरांनी गजबजलेली तार आपण श्रेष्ठ मानतो, हे येथे आठवावे.

या दोषाचा परिणाम थेट स्वररचनेवर होतो. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी स्वर उद्भवतात. षड्ज-पंचमाची जोडी असेल तर त्यातून खालच्या सप्तकातला षड्ज उमटतो आणि नाद भरदार होतो. त्यात गंधार मिसळला तर मात्र बहुधा सारे गढूळ होते. म्हणून रॉक आणि मेटलमध्ये षड्ज-पंचमाची गंधारविरहित जोडी, अर्थात ‘पॉवर कॉर्ड’, रूढ झाली. पाश्चात्त्य हार्मनीत मेजर व मायनर हा भेद गंधारावर अवलंबून असतो, आणि आनंद व विषाद यांचा रूढ संकेतही त्या भेदाशी जोडलेला आहे. गंधारच गेल्यावर हा संकेत निकामी झाला. भाव व्यक्त करण्याचे काम मग नादाचे वजन, लय आणि कोमल ऋषभ किंवा तीव्र मध्यम यांसारखे खटकणारे स्वर यांच्याकडे आले. मेटलचे ‘उग्र’पण ही केवळ वृत्ती आहे असे मानणाऱ्यांनी ही साखळी ध्यानात घ्यावी.

आता इतिहासाकडे वळू. १९६५ मध्ये बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताची मधले बोट व अनामिका यांची टोके यंत्रात सापडून तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि त्यांवर चामडे चिकटवले. नेहमीच्या जाड तारा या बोटांना सोसवेनात, म्हणून त्याने बॅंजोच्या पातळ तारा गिटारवर चढवल्या. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये निघाला. त्यात त्याने गिटार आणि बर्मिंगहॅमच्याच लेनी कंपनीचा ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये संकेत वाढवणारे एक छोटे यंत्र ठेवले आणि ॲम्प्लिफायरला मर्यादेबाहेर ढकलले. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधील अनेक गाण्यांत त्याने तारा तब्बल दीड स्वराने उतरवल्या. ताण कमी झाल्याने बोटांना आराम पडला. तारा सैल झाल्याने नाद अधिक खोल आणि जड झाला. डूम आणि स्टोनर या उपप्रकारांचे सगळे व्याकरण या उतरवलेल्या तारांत बीजरूपाने आहे.

येथे एक धोका संभवतो. ‘अपघात झाला म्हणून मेटल जन्मले’ ही कथा वाचायला छान आहे, परंतु ती अर्धसत्य आहे. कारखान्यांत बोटे गमावणारे असंख्य होते. त्या सैल, खोल नादात काही सांगण्याजोगे आहे, हे ऐकू येणारा कान त्यांतल्या एकाला होता. अडचण रूप सुचवते. ते रूप पत्करणारा कोणीतरी लागतोच.

थ्रॅशचा प्रश्न याच्या नेमका उलट होता. १९८० नंतरच्या दशकात मेटॅलिका, स्लेयर आदी कॅलिफोर्नियातील बँडना वेग हवा होता. तळहाताच्या कडेने तारा दाबून, प्रत्येक आघात सुटा ऐकू येईल अशा बेताने सोळा-सोळा आघात वाजवायचे होते. पण डिस्टॉर्शनमध्ये खर्जाचा भाग सैलावतो आणि एक आघात पुढच्यात मिसळतो. मेसा बूगी कंपनीचा मार्क टू-सी प्लस हा ॲम्प्लिफायर मेटॅलिकाने ‘मास्टर ऑफ पपेट्स’साठी (१९८६) वापरला. त्याच्या रचनेत डिस्टॉर्शनपूर्वी खर्ज कमी करून नंतर तो पुन्हा वाढवता येत असे. मधले स्वरपट्टे खाली, दोन्ही टोके वर, अशी त्याची मांडणी थ्रॅशच्या नादाची खूण ठरली. सुटेपणा हा येथे सौंदर्याचा निकष बनला, आणि तो निकष पेलणारे यंत्र मिळेपर्यंत थ्रॅशला आपले प्रौढ रूप सापडले नव्हते, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण स्वीडनचे आहे. जपानच्या बॉस कंपनीने १९८३ मध्ये ‘एचएम-२’ नावाचे पेडल बाजारात आणले. त्यावर ‘हेवी मेटल’ अशीच अक्षरे छापली होती. मोठ्या ॲम्प्लिफायरचा दणदणाट छोट्या डबीत मिळावा, हा त्यामागचा हेतू. मूळ नाद काही बऱ्याच वादकांच्या पसंतीस उतरला नाही, आणि १९९१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण दरम्यान स्टॉकहोममधल्या काही पोरांनी त्याच्या चारही खुंट्या शेवटपर्यंत फिरवल्या. निघालेला नाद यांत्रिक करवतीसारखा होता. एन्टूम्ड या बँडने तोमास स्कोग्सबेरी यांच्या सनलाइट स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला ‘लेफ्ट हँड पाथ’ १९९० मध्ये आला. पुढच्याच वर्षी डिसमेंबर या बँडचा पहिला अल्बम त्याच स्टुडिओतून आला, आणि ‘स्वीडिश डेथ मेटल’ ही संज्ञा सार्थ झाली. त्याच सुमारास अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा शहरी, मॉरिसाउंड स्टुडिओत, स्कॉट बर्न्स यांच्या हाताखाली जे डेथ मेटल घडत होते, ते पुष्कळ नेटके आणि सुटे होते. विषय तेच, नाद निराळा, आणि म्हणून परंपराही निराळी.

गंमत अशी की ज्या पेडलवर प्रकाराचे नाव छापले होते, त्याने त्या नावाचा प्रकार दिलाच नाही. उत्पादकाने अपेक्षिलेला वापर टाकून देऊन एका गटाने त्याच्या अतिरेकालाच आपली बोली बनवले.

‘मग हा साधनवादच झाला, यंत्र ठरवते आणि माणूस वाजवतो,’ असा आक्षेप कोणी घेईल. त्याला नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचे उत्तर आहे. त्यांचा पहिला अल्बम, १९९१ चा ‘सोलसाइड जर्नी’, डेथ मेटलचाच होता आणि तो ध्वनिमुद्रित झाला होता स्टॉकहोमच्या त्याच सनलाइट स्टुडिओत. म्हणजे प्रचलित नाद, त्याची यंत्रे आणि त्याचा जाणकार, सारे त्यांच्या हाती होते. त्यांनी ते सोडले. पुढच्या वर्षीच्या अल्बमपासून ते ब्लॅक मेटलकडे वळले आणि १९९४ चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ त्यांच्यातल्या फेनरिझने घरगुती चार-ट्रॅक टेपयंत्रावर ध्वनिमुद्रित केला. पातळ, खरखरीत, खर्ज जवळजवळ नसलेला, दूरवरून वाऱ्यासोबत आल्यासारखा तो नाद अभावातून आला नव्हता. उत्तम साधन नाकारून निकृष्ट साधन निवडणे, हे स्वतःच एक विधान होते. साधन पर्याय मांडते आणि त्यांची किंमत सांगते. निवड माणसाचीच राहते.

आणि निवड माणसाची असल्यामुळे जबाबदारीही त्याचीच. नॉर्वेच्या त्या वर्तुळातील काहींनी १९९२ पासून चर्च जाळली, १९९३ मध्ये एकाने दुसऱ्याचा खून केला, वंशद्वेषी घोषणाही झाल्या. यांतले काहीही टेपयंत्राच्या खात्यावर मांडता येत नाही. साधनांचा अभ्यास रूपाचा उलगडा करतो. तो कोणाला निर्दोष ठरवत नाही, आणि नादाच्या मोहात ही गोष्ट विसरणे ही समीक्षेची बेइमानी ठरेल.

अन्य उदाहरणे थोडक्यात नोंदवतो. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलने, जाणकार व्हॉल्व्हचे गोडवे गात असताना, रँडल कंपनीचे ट्रान्झिस्टरवर चालणारे ॲम्प्लिफायर वापरले आणि त्यांच्या कोरडेपणातून स्वतःची धार घडवली. ड्रोन मेटलमधील सन या बँडने तर आपले नावच एका ॲम्प्लिफायरच्या कंपनीवरून घेतले. त्यांच्या संगीतात रचना जवळपास स्थिर असते आणि यंत्राचा दीर्घ घुमारा हाच आशय असतो.

याच रांगेतला सर्वांत अलीकडचा उपप्रकार म्हणजे ‘जेंट’. स्वीडनच्या मेशुगा या बँडच्या आठ तारांच्या गिटारवर, तळहाताने दाबून केलेल्या आघाताचा जो आवाज होतो, त्याचे हे अनुकरणवाचक नाव. म्हणजे ‘खणखण’ किंवा ‘धडधड’ या जातीच्या शब्दाने येथे एका कलाप्रकाराचे नाव म्हणून काम केले. विषयाचा, भावाचा, वृत्तीचा त्यात लवलेश नाही. या उपप्रकाराच्या प्रसारात ॲम्प्लिफायरांची संगणकीय नक्कल करणाऱ्या यंत्रणांचा मोठा वाटा आहे, आणि तेथून आजचा पेच सुरू होतो. आज बर्मिंगहॅम, स्टॉकहोम आणि कॅलिफोर्निया हे तिन्ही नाद एका संगणकात शेजारी शेजारी नांदतात. २०२० मध्ये बॉसने एचएम-२ ची नवी आवृत्तीही काढली. त्या चार खुंट्या शेवटपर्यंत फिरवणे हा १९९० मध्ये शोध होता. आता ते अवतरण आहे. जो प्रकार अडचणीतून घडला, तो अडचण सरल्यावर शैली म्हणून उरतो. अशा काळात नवे उपप्रकार जन्मणार नाहीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते जन्मायचे तर कोणालातरी स्वतःवर नवी अडचण लादून घ्यावी लागेल, जशी डार्कथ्रोनने घेतली.

साहित्याच्या वर्गात याचा उपयोग काय? हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ पत्रात १८९० पासून ‘स्फुट गोष्टी’ येऊ लागल्या. क्रमशः चालणाऱ्या गोष्टीहून वेगळी, म्हणून ती स्फुट. हा भेद आधी नियतकालिकाच्या पानांनी केला आणि मग कथा हा वाङ्मयप्रकार म्हणून आपण त्याची लक्षणे बांधली. १९६० नंतरच्या लघुअनियतकालिकांचा सायक्लोस्टाइल यंत्राशी असलेला संबंधही आपण आठवणींत सांगतो, समीक्षेत क्वचितच. ते यंत्र केवळ परवडत होते, की त्याची धूसर, ओबडधोबड अक्षरे ही छापखान्याच्या सुबकतेला दिलेली हेतुपुरस्सर नकारघंटा होती? हा प्रश्न डार्कथ्रोनच्या टेपयंत्राच्या जातीचाच आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक अंकाच्या बाबतीत वेगळे असू शकेल.

वाङ्मयप्रकारांची लक्षणे पाठ करवून घेणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमात निदान एक तास या प्रश्नासाठी ठेवावा, एवढीच आमची सूचना आहे. लेखकाच्या हाती काय होते, ते काय करू देत नव्हते, आणि त्या अडवणुकीचे त्याने काय केले, हे विचारल्याने प्रतिभेची प्रतिष्ठा कमी होत नाही. आयोमीची प्लॅस्टिकची टोपणे ठाऊक झाल्याने त्याचे संगीत आम्हांला लहान वाटले नाही. ते कशाशी झगडत होते, एवढे मात्र नीट ऐकू येऊ लागले.