‘डार्क स्टार’चा रूढ पाठ

ज्या वादनपद्धतीला आज ‘जॅम बँड’ या नावाने ओळखतात, तिचे आद्य घराणे म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ग्रेटफुल डेड’चे नाव घेतले जाते, आणि त्या घराण्याची ओळख करून द्यायची वेळ आली की जाणकार बहुधा एकच ध्वनिमुद्रण पुढे करतात. ते म्हणजे २७ फेब्रुवारी १९६९ रोजी ‘फिलमोर वेस्ट’ या सभागृहात झालेला ‘डार्क स्टार’चा प्रयोग. त्याच वर्षी निघालेल्या ‘लाइव्ह/डेड’ या दुहेरी तबकडीची पहिली बाजू या एकट्या गाण्याने व्यापलेली आहे. लांबी सुमारे २३ मिनिटे. हेच गाणे १९६८ साली छोट्या तबकडीवर आले तेव्हा ३ मिनिटांच्या आत संपत होते. मधल्या २० मिनिटांना रसिक ‘स्वातंत्र्य’ म्हणतात. आमच्या मते हा शब्द इथे फार सैलपणे वापरला गेला आहे आणि त्याच्या आड या प्रयोगातले खरे मोलाचे क्षणही झाकले गेले आहेत.

मूळ बंदिश तशी लहानच. एक चढती सुरावट, दोन कडवी आणि ध्रुवपद. शब्द रॉबर्ट हंटर यांचे आहेत; ध्रुवपदातल्या आमंत्रणात एलियटच्या प्रूफ्रॉकचा प्रतिध्वनी आहे, हे इंग्रजीच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. शब्दांविषयी याहून अधिक बोलण्यासारखे आम्हांला काही आढळत नाही. प्रतिमा दिपवणाऱ्या आहेत, परंतु त्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत.

वादनाची गोष्ट मात्र निराळी. गायनाला आरंभ होण्यापूर्वीची सहा-एक मिनिटे पुन्हा पुन्हा ऐकावीत अशी आहेत. जेरी गार्सिया यांची गिटार पुढे आहे, परंतु ती नायिकेसारखी वावरत नाही. फिल लेश यांची बास गिटार तिच्या खाली उभी राहायचे नाकारते. आधारस्वर धरून बसण्याऐवजी ती प्रतिप्रश्न विचारत राहते. लेश मुळात ट्रम्पेटवादक, आणि मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओ या आधुनिक संगीतकाराकडे शिकलेले. ऑर्गनवर असलेले टॉम कॉन्स्टँटनही त्याच वर्गातले. हे शिक्षण इथे कानांना जाणवते. पथकात दोन तालवादक असूनही ताल जेमतेम सूचित केला जातो. कोण साथ करतो आहे आणि कोणाला साथ होते आहे, हे ठरवता येत नाही, आणि तेच या सहा मिनिटांचे वैभव आहे.

पहिले कडवे संपते. (गार्सियांचा आवाज इथे फार कृश वाटतो, पण गाणे शब्दांसाठी नाहीच, म्हणून सोडून देऊ.) त्यानंतर लय जवळजवळ विरून जाते. गाँगचा नाद, काहीतरी खरवडल्याचे आवाज, सुटे सुटे स्वर. कोणीही कोणाला वाट दाखवत नाही. ही थोडी मिनिटे खरोखर धोक्याची आहेत, कारण इथून पुढे काहीच घडले नाही तरी चालेल अशी वादकांची तयारी दिसते. आणि मग गार्सिया एक चढण शोधतात, सगळे तिच्यावर लागतात, शिखर येते, मूळ सुरावट परतते, दुसरे कडवे गायले जाते आणि मंडळी ‘सेंट स्टीफन’ या पुढच्या गाण्यात शिरतात. इतक्या शिस्तीत, की धोका टळला याचा आनंद वादकांना श्रोत्यांपेक्षा जास्त झालेला असावा.

हा प्रवास त्या रात्री सापडला, असा समज आहे. २००५ साली फिलमोर वेस्टच्या सलग चार रात्रींची संपूर्ण मुद्रणे १० सीडींच्या संचात प्रसिद्ध झाली, तेव्हाच हा समज मावळायला हवा होता. चारही रात्रींचे ‘डार्क स्टार’ ओळीने ऐकले तर मुक्काम तेच आहेत असे लक्षात येते; बदलतो तो दोन मुक्कामांमधला वेळ आणि वाटेतला तपशील. कीर्तनकाराचे आख्यान जसे रोज नवे असते आणि रोज तेच असते, तसे. यात उणेपणा काहीच नाही. मात्र ज्याला आपण उत्स्फूर्त म्हणतो ते पाठांतराच्या किती जवळ असते, हे मान्य करावे लागते.

आणखी एक गोष्ट. तबकडीवर हा प्रयोग शांततेतून हळूहळू उमटतो. त्या रात्री तो असा उमटला नव्हता. तो ‘माउंटन्स ऑफ द मून’ या आधीच्या गाण्यातून निघाला होता. तबकडीने त्याला स्वतःचा असा आरंभ बहाल केला. प्रत्यक्षात नसलेला हा आरंभ आज त्या गाण्याचा सर्वांत प्रसिद्ध आरंभ आहे. दोनशेहून अधिक वेळा वाजवल्या गेलेल्या रचनेचा एक पाठ निवडायचा, त्याच्या कडा साफ करायच्या आणि मग त्यालाच मूळ संहिता मानून बाकीचे प्रयोग ‘पाठभेद’ ठरवायचे, हा व्यवहार साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. वर्गात छापील वग शिकवताना बतावणी ‘इत्यादी’त जमा करणारे आपणच असतो.

मर्ढेकरांची संवाद, विरोध, समतोल ही कसोटी इथे लावून पाहिली तर फेब्रुवारी १९६९चा प्रयोग सहज उत्तीर्ण होतो. आम्हांला शंका येते ती या सहजतेचीच. पूर्ण झालेल्या कलाकृतीसाठी घडवलेले माप, पूर्ण होण्याची हमी न देणाऱ्या कलेला लावले, की ते सुबक प्रयोगालाच झुकते देणार.

मराठी रसिकांत या गाण्याची तुलना रागसंगीताशी करण्याचा मोह संभवतो. त्याला निमित्तही आहे: तालवादक मिकी हार्ट १९६७ साली उस्ताद अल्लारखा यांना भेटले आणि त्यांच्याकडून शिकले, याच तबकडीवरचे ‘द इलेव्हन’ ११ मात्रांत बांधलेले आहे. ‘डार्क स्टार’मधला कोमल निषादही खमाज थाटाच्या कानांना ओळखीचा वाटेल. परंतु इथे सम नाही, आणि रागाचा भार वाहणारा एक गायकही नाही. साम्य असेल तर मुखड्यात. ती मूळ सुरावट मुखड्यासारखी परत बोलावते. त्यापलीकडे ‘पाश्चात्त्यांची आलापी’ वगैरे म्हणणे हे दोन्ही संगीतांना न ऐकण्याचे लक्षण होय.

सुबक नसलेल्या प्रयोगाचे उदाहरण हवे असेल तर २७ ऑगस्ट १९७२चा, ऑरेगन राज्यातल्या व्हेनिटा इथला ‘डार्क स्टार’ घ्यावा. एका दुग्धशाळेच्या मदतीसाठी उघड्या मैदानात झालेला हा कार्यक्रम २०१३ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. हार्ट तेव्हा पथकात नव्हते. ड्रमवर एकटे बिल क्रॉइट्समन, आणि पियानोवर कीथ गॉडशॉ. हा प्रयोग अर्ध्या तासाच्या घरात जातो, मध्ये दोनतीनदा रेंगाळतो, एका ठिकाणी तर नुसता भरकटतो. पुढे तो कर्कश गोंगाटात कोसळतो, आणि या वेळी सावरून घ्यायला मुखडा येत नाही. त्या ढिगाऱ्यातून बॉब वेअर एकाएकी ‘एल पासो’ हे मार्टी रॉबिन्सचे गुराखी-गीत गाऊ लागतात: घोडा, पिस्तूल, प्रेयसी, सगळे जागच्या जागी. काहींना हा विनोद वाटतो, काहींना रसभंग. आम्हांला तो त्या दुपारचा सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. परतीची वाट हरवली हे लपवण्याचा प्रयत्नच कोणी केलेला नाही.